वेळापत्रकातले रिकामे चौकोन

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाकडून हातात पडणाऱ्या कागदांमध्ये वेळापत्रक सगळ्यांत साधं दिसतं. सोमवार ते शुक्रवार असे पाच उभे रकाने, सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या तासांच्या आडव्या ओळी. त्यातले अठरा-वीस चौकोन भरलेले असतात: लेक्चर, ट्यूटोरियल, प्रॅक्टिकल. बाकीचे कोरे. शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलामुलींना ते कोरे चौकोन पाहून हायसं वाटतं. शाळेत सलग सहा-सात तास बसवून ठेवलेलं असायचं. इथे मंगळवारी दोनच लेक्चरं, तीही मध्ये दोन तासांचं अंतर ठेवून. पहिल्या सेमिस्टरमध्ये पुढे जे जे बिघडतं, त्याचा माग काढत गेलं की पाऊलखुणा बहुतेक वेळा या कोऱ्या चौकोनांपाशीच येऊन थांबतात. म्हणून हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका शैक्षणिक वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. या तासांत वर्ग आले, तसंच वाचन, लेखन, प्रयोगाची वही आणि परीक्षेची तयारीही आली. म्हणजे ३० क्रेडिटच्या सेमिस्टरला कमीत कमी ७५० तास. परीक्षेचे दिवस धरून सेमिस्टर १८ आठवड्यांचं मानलं, तर आठवड्याला जवळपास ४२ तास होतात. वेळापत्रकात छापलेले त्यातले वीसच. उरलेले बावीस तास अभ्यासक्रमात मोजलेले आहेत, त्यांच्यावर गुणही अवलंबून आहेत, पण ते कुठेही छापलेले नाहीत. क्रेडिटच्या अमेरिकेतल्या व्याख्येत तर वर्गातल्या एका तासामागे वर्गाबाहेरचे किमान दोन तास गृहीत धरलेले आहेत. कोरा चौकोन म्हणजे सुट्टी, असं समजणारा विद्यार्थी अर्धा अभ्यासक्रम न करताच परीक्षेला बसतो आणि मग विषय अवघड होता असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं.

आता दुसरी बाजू. आठवड्यात १६८ तास. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. आंघोळ, जेवण, येणंजाणं यांचे रोज तीन तास, म्हणजे २१. कपडे आणि खोलीची साफसफाई यांचे चार. अभ्यासाचे ४२. बेरीज १२३ होते आणि ४५ तास तरीही हातात राहतात. खेळ, मैत्री, नाटकाच्या तालमी, नुसतं लोळणं, सगळं त्यात सहज बसतं. तरीसुद्धा वसतिगृहाच्या कुठल्याही मजल्यावर ‘वेळच मिळत नाही’ हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. वेळ असतो, पण तुकड्यांमध्ये असतो, आणि तुकड्यांचं काय करायचं हे शाळेत कुणी शिकवलेलं नसतं.

जुन्या विद्यापीठांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला होता. सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू नालंदात सुमारे दहा वर्षं राहिला. त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनात पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजून नगारा वाजवल्याचे आणि सकाळी स्नानाच्या वेळेची घंटा दिल्याचे उल्लेख येतात. खोल्यासुद्धा दरवर्षी पावसाळ्याआधी संघाची सभा ज्येष्ठतेप्रमाणे वाटून द्यायची. तास कुणीतरी कानावर घालत होतं. आजच्या विद्यापीठाने घंटा काढून घेतली आहे; ती आपण आपल्यासाठी वाजवायची आहे, इतकंच ते कुणी स्पष्ट सांगत नाही.

त्या तुकड्यांमध्ये सगळ्यांत फसवा तुकडा दोन लेक्चरांमधल्या तासाभराचा. खोली पंधरा मिनिटांवर असेल तर जाण्यायेण्यात अर्धा तास जातो. पोचल्यावर बूट काढायचे, गादीवर टेकायचं, कुणीतरी गप्पांना असतंच. हातात उरतात वीस-पंचवीस मिनिटं, आणि परत निघायचा कंटाळा येऊन पुढचं लेक्चर बुडण्याची शक्यता वाढते ती वेगळीच. माझं मत इथे ठाम आहे: दिवसातलं शेवटचं लेक्चर होईपर्यंत खोलीवर जाऊ नये. सकाळी निघतानाच वही, चार्जर, पाण्याची बाटली आणि मधल्या भुकेचं काहीतरी घेऊन निघावं. विभागाच्या इमारतीत एक ठरलेली जागा हेरून ठेवावी. रिकामा वर्ग चालेल, जिन्याखालचं बाकडं चालेल, लायब्ररीतलं खिडकीजवळचं टेबल तर उत्तमच. जागा ठरलेली असली की कुठे बसायचं यावर दहा मिनिटं जात नाहीत.

आणि या तासात काय करायचं, तर नुकतंच झालेलं लेक्चर परत आठवायचं. वही मिटून. कोऱ्या कागदावर लेक्चरमधले मुख्य तीन-चार मुद्दे, एखाद्या सूत्राची सिद्धता, एखादी आकृती आठवून लिहायची. मग वही उघडून काय सुटलं ते वेगळ्या रंगाने भरायचं. पंधरा मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात त्याच विषयातली दोन-तीन गणितं, किंवा पुढच्या लेक्चरसाठी सांगितलेल्या चार पानांचं वाचन.

आठवून लिहिण्यावर एवढा भर का, तर विसरणं फार वेगाने होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या त्याने पाठ केल्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते मोजलं. तासाभराने निम्म्याहून कमी कष्ट वाचत होते, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश. त्यानंतर मात्र घसरण मंदावते; महिन्याभरानेही पाचवा हिस्सा शिल्लक होता. लेक्चरला अर्थ असतो, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण उताराचा आकार तोच राहतो: सगळ्यांत मोठी गळती पहिल्याच दिवसात. शुक्रवारी बसून आठवड्याभराच्या नोट्स ‘नीट करू’ म्हणणारा सोमवारचं लेक्चर जवळजवळ नव्याने शिकत असतो.

दुसरी गोष्ट पुन्हापुन्हा वाचण्याची. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात प्रत्येकाने एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करत रात्रभर वाचलेलं सकाळी तोंडपाठ वाटतं आणि पेपरात हाताशी येत नाही, त्यामागचं कारण हेच आहे. वाचताना शब्द ओळखीचे होतात, आणि ओळख झाली की आलं असं वाटायला लागतं.

यासाठी वहीचं पानही तसंच आखावं. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात रुजवलेली आखणी अजून टिकून आहे, कारण ती सोपी आहे: डावीकडे अडीच इंचांची पट्टी, उजवीकडे रुंद जागा, तळाशी दोन इंच मोकळे. लेक्चर चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचं. नंतर डाव्या पट्टीत, तो मजकूर ज्याचं उत्तर होईल असा प्रश्न लिहायचा, आणि तळाशी दोन वाक्यांत पानाचा सारांश. उजळणी करताना उजवी बाजू हाताने झाकली की पानाची प्रश्नपत्रिका होते. लॅपटॉपवर नोट्स घेणाऱ्यांचा हात वेगवान असतो, आणि तीच अडचण होते; बोललेलं सगळं जसंच्या तसं उतरतं, त्यामुळे काय लिहायचं आणि काय सोडायचं हे डोक्याला ठरवावं लागत नाही. आकृत्या आणि समीकरणं असलेल्या विषयांत तर कागदच बरा.

हजेरीबद्दल एक गणित सांगून पुढे जातो. जिथे ७५ टक्क्यांची अट असते, तिथे ४० लेक्चरांच्या विषयात दहा बुडवता येतात, आणि बहुतेकांच्या हातून ती पहिल्या महिन्यातच संपतात, कारण तेव्हा अभ्यास हलका असतो. पहिल्या १६ पैकी ८ बुडाली तर हजेरी ५० टक्के होते. ती ७५ वर आणायला पुढची १६ लेक्चरं एकही न चुकवता बसावं लागतं. आजारपण नेमकं त्याच काळात येतं. पहिल्या महिन्यात एकही लेक्चर न बुडवणं यात नुसता शहाजोगपणा आहे असं वाटत असेल, तर तो विचार सोडून द्यावा. ती पुढच्या तापाच्या दिवसांसाठी केलेली साठवण असते.

आता खोली. दिवसाचे तास वर्गाने ठरतात, पण रात्रीचे तास खोली ठरवते, आणि खोलीत बहुधा दुसरं माणूस असतं. रूममेटशी भांडणं मोठ्या तात्त्विक मुद्द्यांवर होत नाहीत. दिवा कधी बंद करायचा, गजर किती वेळा वाजू द्यायचा, फोनवर कुठे बोलायचं, पाहुणा रात्री राहणार का, आणि न विचारता काय वापरलेलं चालेल, या पाच गोष्टींवर होतात. पहिल्या तीन दिवसांत, जेव्हा दोघंही एकमेकांशी जपून वागत असतात, तेव्हाच या पाच गोष्टी बोलून घ्याव्यात. नंतर बोललं की ती तक्रार होते. मुख्य दिवा ठरलेल्या वेळी बंद आणि त्यानंतर प्रत्येकाचा टेबललॅम्प, त्याचं तोंड भिंतीकडे, ही तडजोड सगळ्यांत जास्त टिकते. गजराचं म्हणाल तर फोन हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवावा. दर दहा मिनिटांनी तो पुन्हापुन्हा वाजू देणाऱ्याची स्वतःची झोप होत नाही आणि दुसऱ्याचीही मोडते. दुसऱ्याची झोप मोडणं हा मी गंभीर अपराध मानतो.

सामान लावण्याआधी खोलीचे फोटो काढून ठेवावेत: भिंतीच्या भेगा, कपाटाचं मोडकं बिजागर, खिडकीची तडकलेली काच, टेबलावरचे डाग. तारीख दिसेल असे फोटो वसतिगृहाच्या कार्यालयाला ईमेलने पाठवले की वर्षाच्या शेवटी अनामत रकमेवरून वाद होत नाही.

विजेबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. वसतिगृहाच्या खोलीत एक-दोनच सॉकेट असतात आणि त्यांवर एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डावर दुसरा बोर्ड अशी साखळी तयार होते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १३८० वॉट. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर मिळून दोनशेच्या आतच राहतात, त्यामुळे तिथवर काळजी नाही. पण पाणी तापवायची किटली बहुधा १५०० ते २००० वॉटची असते. ती एकटीच मर्यादा ओलांडते. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, वेळेवर पडला तर नशीब. नाही पडला तर भिंतीतली वायर किंवा बोर्डाचा प्लग तापत राहतो. प्लग हाताला गरम लागणं, प्लास्टिकचा रंग पिवळा-तपकिरी होणं, खरपूस वास येणं, या तीन खुणांपैकी एकही दिसली तर तो बोर्ड त्याच क्षणी काढून टाकावा. उशीखाली किंवा पांघरुणात फोन चार्ज करू नये, कारण तिथे उष्णतेला बाहेर जायला वाट नसते.

ढेकणांचा विषय कुणी मोकळेपणाने काढत नाही, म्हणून तो वाढतो. ढेकूण अस्वच्छतेमुळे होत नाहीत. ते सामानातून येतात: जुन्या गादीतून, आधीच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या खुर्चीतून, प्रवासातल्या बॅगेतून. खोली मिळताच गादीच्या शिवणी, पलंगाच्या फळ्यांच्या फटी आणि स्क्रूची भोकं फोनच्या उजेडात बघावीत. पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा. अंगावर सकाळी ओळीने उठलेल्या गांधी हीसुद्धा खूण आहे, पण फक्त तिच्यावरून निदान करू नये. डास आणि ॲलर्जी यांच्याही गांधी तशाच दिसतात. सापडले तर सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गादी उचलून मित्राच्या खोलीत झोपायला जाणं. दोन आठवड्यांत पूर्ण मजला त्रासतो. चादरी, अभ्रे, कपडे पिशवीत बंद करून न्यावेत आणि ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत, किंवा गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवावेत. ड्रायर नसेल तर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवण्यावर मात्र विसंबू नये, आतल्या घड्यांपर्यंत पुरेशी उष्णता पोचेलच असं नाही. फवारणी दोनदा करून घ्यावी लागते. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि बऱ्याच औषधांचा अंड्यांवर परिणाम होत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी झालीच पाहिजे. पहिल्या फवारणीनंतर आठ दिवस शांत गेले की कार्यालय आणि विद्यार्थी दोघंही निर्धास्त होतात, तिथेच सगळं फसतं.

कपड्यांचं थोडक्यात. ठरलेला वार, तोही आठवड्याच्या मधला; रविवारी मशीनपुढे रांग असते. ड्रम तीन चतुर्थांशच भरावा, ठासून भरला की कपडे घुसळले जात नाहीत आणि साबण तसाच राहतो. ओला टॉवेल खुर्चीवर नको, दारामागच्या खुंटीवर पसरून.

झोपेबद्दल सगळे सांगतात आणि कुणी ऐकत नाही, तरी दोन आकडे सांगण्यासारखे आहेत. सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असताना होतो तितका मंदावलेला मोजला गेला आहे. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला त्या अवस्थेत असतो, आणि आपल्याकडे प्रॅक्टिकलची सगळी वही त्यानंतर लिहिली जाते. दुसरा आकडा कॅफिनचा: शरीरातलं निम्मं कॅफिन जायला सरासरी पाच तास लागतात, माणसागणिक थोडे कमीजास्त. संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. दुपारी तीननंतर कॉफी बंद केली तर महिन्याभरात रात्रीचं तळमळणं कमी होतं, आणि सकाळच्या कपाची गरजही.

प्रॅक्टिकलची वही त्याच दिवशी लिहावी याला झोपेव्यतिरिक्त आणखी एक कारण आहे. वाचनं सुट्या कागदावर घेऊन नंतर वहीत उतरवली की चुकीची वाचनं हळूच ‘सुधारली’ जातात. ती सुधारणा अप्रामाणिक आहेच. शिवाय उपकरण कुठे चुकत होतं हे शिकण्याची वाटही बंद होते. थेट वहीत, पेनाने, तारीख घालून लिहावं. चुकलेलं वाचन एका रेघेने, वाचता येईल असं खोडावं आणि का खोडलं ते शेजारी लिहावं. आलेख पेपरवर पहिले चार-पाच बिंदू प्रयोगशाळेतच काढावेत; सहावा बिंदू भलतीकडे गेला तर मांडणी मोडण्याआधीच कळतं आणि वाचन परत घेता येतं.

लायब्ररीकडे बहुतेक जण फक्त बसायची जागा म्हणून बघतात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे, आणि लायब्ररीची सगळी रचना त्या नियमाला धरून उभी असते. पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक समजून घेतला तर तो वेळ खरोखर वाचतो. ड्युई दशांश पद्धतीत ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ५१० गणित, ५३० भौतिकशास्त्र, ५४० रसायनशास्त्र. आपल्या विषयाचा क्रमांक पाठ करून त्या कपाटासमोर अर्धा तास उभं राहावं. नेमलेलं एक पुस्तक समजत नसेल तर शेजारीच त्याच विषयाची दहा पुस्तकं उभी असतात, आणि त्यातल्या एखाद्या लेखकाची मांडणी आपल्या डोक्याला जुळते. कुठल्या पुस्तकात कुठला धडा चांगला आहे याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करत जावी. टिपण काढताना पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहावा. दुसऱ्याचं वाक्य असेल तर अवतरणचिन्हात. दोन महिन्यांनी स्वतःच्या वहीतलं वाक्य स्वतःचंच वाटतं, आणि निबंधात उचलेगिरीचा ठपका बहुतेक वेळा या विसरण्यातून येतो, कपटातून नव्हे.

शंका विचारण्यासाठी प्राध्यापकांनी ठेवलेल्या वेळेत कुणी फिरकत नाही. भीती अशी की आपल्याला काहीच येत नाही हे उघडं पडेल. ती भीती घालवायचा मार्ग म्हणजे हातात अर्धवट सोडवलेलं काहीतरी घेऊन जाणं: ‘या पायरीपर्यंत आलो, पुढे चिन्ह का बदललं ते कळलं नाही.’ असा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत जे मिळतं ते तासाभराच्या लेक्चरमध्ये मिळत नाही. ईमेल करायचा असेल तर विषयाच्या ओळीत पेपरचा कोड, मजकुरात एकच प्रश्न, आणि तोही माहितीपत्रकात उत्तर नाही याची खात्री करून. दोन कामाचे दिवस थांबून मग आठवण द्यावी.

गटाने करायच्या प्रोजेक्टमध्ये काम वाटून घेताना ‘तू प्रस्तावना, मी निष्कर्ष’ अशी वाटणी केली की शेवटी पाच तुकडे जुळत नाहीत. पहिल्याच बैठकीत कोण, काय, कोणत्या तारखेला, हे लिहून सगळ्यांना पाठवावं, आणि जोडण्याचं काम स्वतंत्र मोजून एका माणसाला द्यावं, त्याच्या वाट्याचं लेखन कमी करून. एखादा जण काहीच करत नसेल तर ते शिक्षकांच्या कानावर दुसऱ्या आठवड्यात घालावं. सबमिशनच्या आदल्या दिवशी सांगितलं तर त्यांच्याही हातात काही राहत नाही. फाइलच्या नावात तारीख घालावी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी, हा जुना नियम प्रबंधाला जितका लागू तितकाच चार पानी असाइनमेंटला. आणि शेवटच्या तासात अपलोड करू नये: तेव्हा पोर्टल संथ होतं, पीडीएफमध्ये समीकरणांच्या जागी चौकोन उमटलेले असतात, आणि ते बघायला वेळ उरलेला नसतो. अपलोड केलेली फाइल परत डाउनलोड करून उघडून बघणं, हे दोन मिनिटांचं काम सेमिस्टर वाचवू शकतं.

श्रेणींचा हिशोब पहिल्याच सेमिस्टरमध्ये समजून घ्यावा. दहापैकी गुणांक क्रेडिटने गुणून बेरीज होते. चार क्रेडिटच्या विषयात आठऐवजी सहा मिळाले तर आठ गुणांकांचं नुकसान. दोन क्रेडिटच्या सोप्या विषयात आठाचे दहा केले तरी चारच भरून निघतात. प्रत्येक सेमिस्टर सारख्या क्रेडिटचं धरलं आणि पहिल्याची सरासरी सहा आली, तर चार सेमिस्टर मिळून आठावर यायला पुढच्या तिन्हींत ८.६७ लागतात. अशक्य मुळीच नाही, पण पहिल्या सेमिस्टरचे रिकामे चौकोन पुढे दीड वर्ष भरत बसावे लागतात.

पेपरातही तेच गणित. १८० मिनिटं, १०० गुण. सुरुवातीची पंधरा मिनिटं वाचायला आणि प्रश्न निवडायला, शेवटची पंधरा तपासायला. मध्ये दीडशे, म्हणजे एका गुणाला दीड मिनिट. दहा गुणांच्या प्रश्नाला पंधरा मिनिटं झाली की, उत्तर अर्धं असलं तरी, जागा सोडून पुढे जावं. पहिल्या पाच गुणांना जितका वेळ लागतो त्याच्या दुपटीने शेवटच्या दोन गुणांना लागतो, आणि तो वेळ कोऱ्या राहिलेल्या प्रश्नातून कापला जातो.

आजारपण पहिल्या महिन्यात येतंच. ठिकठिकाणचे लोक एका इमारतीत राहायला येतात, प्रत्येक जण आपापल्या भागातले विषाणू घेऊन. थर्मामीटर, तापाची गोळी आणि क्षारसंजीवनीची पाकिटं कपाटात असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीलिटरचा. मीठ मोजूनच घालावं, अंदाजाने नको. रात्री ताप चढला तर कुणाला उठवायचं, त्या माणसाचं नाव आधी ठरलेलं असावं. हे बोलायला संकोच वाटतो, पण समोरच्यालाही तसंच कुणीतरी हवं असतं.

आणि एकटेपणा. तो पहिल्या दिवशी येत नाही. तेव्हा धावपळ असते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, ओळखी झालेल्या असतात पण मैत्री झालेली नसते तेव्हा, आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांत जास्त जाणवतो. घरी फोन केल्यावर तो कधी कमी होतो, कधी वाढतो. तो आठवडेच्या आठवडे उतरला नाही, जेवण आणि झोप दोन्ही सुटायला लागली, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावं. मोडलेल्या हातासाठी डॉक्टरकडे जातो, इतक्या सहजपणे.

एरवी रविवारी संध्याकाळी दोन तास मुद्दाम कोरे ठेवावेत आणि खोलीचं दार उघडं. टेबलावर त्या आठवड्यात न सुटलेलं एखादं गणित ठेवावं. जाणारायेणारा डोकावतो, ‘हे तुला आलं का’ म्हणतो. त्याला समजावून सांगताना तिसऱ्या पायरीवर आपलंच अडतं, मग समोरच्या खोलीतून आणखी एक जण येतो, पलंगावर जागा करून बसतो, आणि मेसची वेळ संपत आली म्हणून कुणीतरी खालून हाक मारेपर्यंत वही तिघांच्या मध्ये उघडीच असते.